फोर्लीला पोहोचण्याची वेळ

आमच्या शाळेत मोबाईल चालत नाही. रविवारी दुपारी संगणक कक्ष दीड तास उघडा असतो आणि संध्याकाळी घरी दहा मिनिटे फोन करता येतो. बाकी सगळा कारभार पत्रांवर. त्यामुळे गेल्या जुलैपासून मी जो युरोपचा रेल्वेप्रवास आखतो आहे, तो दीड-दीड तासाच्या तुकड्यांत आणि अंतर्देशीय पत्रांवर आखतो आहे. प्रवास येत्या मेच्या अखेरीस आहे. तो अजून झालेला नाही, तरी त्यावर लिहायला घेतले आहे, कारण आखताना माझ्या ज्या चुका झाल्या त्या सांगण्यासारख्या आहेत.

माझी आत्या जर्मनीत म्युनिकला राहते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत तिने आजोबांना आणि मला बोलावले. विमानाचा खर्च तिचा. आजोबा म्हणाले, "विमानाचं तू बघ. पण तिथल्या रेल्वेचं तिकीट मी माझ्या पेन्शनमधून काढणार. आणि मला एकाच ठिकाणी जायचंय. इटलीत."

आजोबा मध्य रेल्वेत गार्ड होते. चौतीस वर्षे त्यांनी कसारा घाट चढला-उतरला. आता गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ पासून. पण आजोबांना तसे म्हटले की ते मागे वळून बघतात, दुसरे कोणी आले की काय म्हणून. त्यांचे थोरले चुलते मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. ते १९४४ च्या डिसेंबरात इटलीत गेले. 'गेले' म्हणजे वारले. घरात त्यांचा फोटो नाही. एक पदक आहे, इटली स्टार, पत्र्याच्या डब्यात ठेवलेले. आजोबांचा जन्म त्यानंतरचा. त्यांनी चुलत्यांना पाहिलेले नाही. पण त्यांच्या आजीने मरेपर्यंत मुलाची वाट पाहिली हे त्यांनी पाहिले आहे. तार आली होती, तरी ती माउली म्हणायची, "कागदावर मेला म्हणून मेला होय? जागा दाखवा."

ती जागा शोधण्याचे काम माझ्याकडे आले.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन नावाची संस्था दोन्ही महायुद्धांत पडलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवते. तिच्या यादीत मी आमच्या आडनावाने शोधले तेव्हा पानेच्या पाने आली. नावाने शोधले तरी तीन जण उरले. तिघेही त्याच रेजिमेंटचे, तिघेही इटलीत पडलेले. साहेबांनी इंग्रजीत नावे लिहिताना कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले. शेवटी एका नोंदीत वडिलांचे नाव आणि गाव सापडले. गावाच्या नावाची अक्षरे इतकी मोडली होती की मी ते चार वेळा मोठ्याने वाचले तेव्हा कळले, हे तर आपले वाई तालुक्यातले गाव! पुढे लिहिले होते: फोर्ली क्रिमेशन मेमोरियल.

फोर्ली हे उत्तर इटलीतले शहर. बोलोन्याहून समुद्राकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, साधारण ६४ किलोमीटरवर. तिथे भारतीय सेनेची वेगळी युद्धस्मशानभूमी आहे. सुमारे ५०० कबरी आहेत, आणि ज्यांना अग्नी दिला त्या जवळजवळ ८०० जणांची नावे स्मारकावर कोरलेली आहेत. इटलीच्या लढाईत आपली ४थी, ८वी आणि १०वी अशा तीन डिव्हिजन होत्या. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात यावर एकही परिच्छेद नाही. यशवंत घाडगे यांना वरच्या टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी केलेल्या पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे मला शाळेच्या सभागृहातल्या फळीवरून माहीत होते. पण ते टायबर खोरे नकाशावर कुठे असते हे मी कधी पाहिले नव्हते.

असो. जागा सापडली. आता जायचे कसे?

म्युनिकहून बोलोन्यापर्यंत थेट जाणारी युरोसिटी गाडी आहे. मी आजोबांना फोनवर तसे सांगितले. त्यांनी विचारले, "मध्ये घाट आहे का?" मी म्हणालो, "आहे. ब्रेनर खिंड, १३७१ मीटर. रेल्वे खिंडीवरूनच जाते, खालून बोगद्यातून नाही." मग ते म्हणाले, "मग जलद गाडी नको. पॅसेंजरने जाऊ. घाट खिडकीतून पळवायचा नसतो." शिवाय पॅसेंजर स्वस्त. तिथे तिला रीजनल म्हणतात. रीजनलला आरक्षण नसते, भाडे ठरलेले असते, आज काढा नाहीतर महिनाभर आधी काढा. युरोसिटीचे सवलतीचे तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेले असते. गाडी चुकली की तिकीट गेले.

मी कामाला लागलो. तीन रविवार खर्चून पहिली योजना तयार केली आणि ती मला फार आवडली. सकाळी सातला म्युनिक सोडायचे. म्युनिक ते कुफश्टाइन, ही ऑस्ट्रियाची हद्द. कुफश्टाइन ते इन्सब्रुक. इन्सब्रुक ते ब्रेनर, ही इटलीची हद्द. ब्रेनर ते बोल्झानो, बोल्झानो ते वेरोना, वेरोना ते बोलोन्या, बोलोन्या ते फोर्ली. सात गाड्या, सहा बदल, एक दिवस. नुसते गाडीत बसायचे तास साडेआठच्या वर होते. मधल्या बदलांना मी कुठे सहा मिनिटे दिली, कुठे नऊ. एके ठिकाणी चार. सातही गाड्या एकमेकींना अशा चिकटून बसल्या होत्या की मी तो कागद डॉर्मिटरीत सगळ्यांना दाखवला. माझा केरळचा मित्र म्हणाला, "हा तर ड्रिल स्क्वाड आहे." मला ते कौतुक वाटले.

मी योजना आजोबांना पोस्टाने पाठवली. बारा दिवसांनी उत्तर आले. आजोबांनी माझ्याच कागदावर लाल शाईने लिहिले होते, जसे ते पूर्वी कामाच्या वेळापत्रकावर लिहीत असतील. सहा खुणा होत्या. त्यातल्या चार इथे सांगतो.

पहिली खूण बोल्झानोवर. मी एका ठिकाणी 'बोझेन' असे उतरण्याचे स्टेशन लिहिले होते आणि पुढची गाडी 'बोल्झानो'हून धरली होती, आणि मध्ये कंसात 'चालत?' असे लिहिले होते. आजोबांनी लिहिले: "ही दोन स्टेशने आहेत की एका स्टेशनाची दोन नावे? व्हीटी आणि सीएसएमटीच्या मध्ये कोणी चालत जात नाही." मी शोधले. ते एकच शहर! दक्षिण तिरोल हा भाग पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा होता. १९१९ च्या सां-जर्मां तहाने तो इटलीला मिळाला आणि हद्द ब्रेनरच्या खिंडीवर आली. लोक मात्र तिथेच राहिले आणि जर्मन बोलत राहिले. म्हणून स्टेशनांच्या पाट्या दोन भाषांत आहेत: बोल्झानो आणि बोझेन, फोर्तेत्सा आणि फ्रान्झेन्सफेस्टे, ब्रेन्नेरो आणि ब्रेनर. मी एकाच शहरात गाडी बदलायला दहा मिनिटे पायी निघालो होतो.

दुसरी खूण सकाळी सातच्या गाडीवर. "सवलतीचे तिकीट लिहिले आहेस. त्याच्या पाठीमागचे नियम वाचलेस का?" म्युनिक ते कुफश्टाइनसाठी मी बायर्न तिकीट धरले होते. ते दिवसभर बव्हेरियातल्या सगळ्या रीजनल गाड्यांना चालते आणि हद्दीपलीकडे कुफश्टाइनपर्यंतही चालते. पण सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊच्या आधी चालत नाही. माझा प्रवास शुक्रवारी होता. म्हणजे पहिल्याच गाडीत आम्ही विनातिकीट प्रवासी ठरलो असतो, आणि तेही आयुष्यभर रेल्वेत काम केलेल्या माणसासोबत.

तिसरी खूण त्या चार मिनिटांवर. "या चार मिनिटांत माझा वेग किती धरलास?" एवढेच. मी काहीच धरले नव्हते. म्हणजे माझा धरला होता. आमच्या शाळेत मेसपासून परेड ग्राउंडपर्यंत आम्ही धावतो, म्हणून मला सगळे जग धावते वाटते. आजोबा सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला आहे. एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर जायचे म्हणजे जिना उतरा, भुयारी रस्ता, जिना चढा, हातात बॅग. पुढे त्यांनी लिहिले होते: "घाटात गाडी सोडण्याआधी ब्रेक तपासतात. आधी थांबायची सोय, मग चालायची. तुझ्या कागदावर थांबायची सोय कुठेच नाही. एक गाडी दहा मिनिटे लेट झाली तर पुढच्या सगळ्या पडतील."

हे खरेच होते, आणि त्यात आणखी एक गोष्ट होती जी मला नंतर कळली. सलग एकच तिकीट असेल तर मधली गाडी उशिरा आल्याने पुढची चुकली की पुढे पोहोचवण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. वेगवेगळी तिकिटे काढली तर ती जबाबदारी आपली. माझ्या योजनेत तीन देशांची मिळून पाच वेगवेगळी तिकिटे होती.

चौथी खूण सर्वांत खाली होती, फोर्लीवर. मी लिहिले होते: फोर्ली आगमन १७.४०, फोर्ली प्रस्थान १८.१५, मुक्काम बोलोन्या. आजोबांनी त्या दोन आकड्यांभोवती गोल काढला होता आणि शेजारी लिहिले होते:

"माझे चुलते तुझ्या योजनेत शेवटच्या ओळीत आहेत. त्यांना तू पस्तीस मिनिटे दिलीस, त्यातली बरीचशी रस्त्यात जातील. ऐंशी वर्षांत घरातलं कोणी गेलेलं नाही."

मी ते पत्र संध्याकाळच्या अभ्यासाच्या तासाला वाचले. मग पुस्तक उघडून बसलो, पण त्या तासात काही वाचले नाही. मला वाटत होते मी आजोबांसाठी योजना करतो आहे. खरे म्हणजे मी सात गाड्या एका दिवसात बसवून दाखवत होतो. फोर्लीच्या जागी दुसरे कुठलेही स्टेशन असते तरी मला चालले असते.

त्या आठवड्यात मॅप रीडिंगचा तास होता. आमचे उस्ताद नेहमी सांगतात की मोहीम आखताना सुरुवात शेवटापासून करायची: लक्ष्यावर किती वाजता, कोणत्या अवस्थेत पोहोचायचे आहे ते आधी ठरवा आणि मग मागे मागे येत निघण्याची वेळ काढा. हे मी वहीत दोनदा लिहून घेतले होते. परीक्षेत त्यावर गुणही मिळवले होते. तरी आजोबांची योजना करताना मी म्युनिकपासून सुरुवात केली आणि जे उरले ते फोर्लीला दिले.

दुसरी योजना मी फोर्लीपासून मागे आखली. फोर्लीला सकाळी पोहोचायचे, ऊन चढायच्या आत, आजोबा ताजेतवाने असताना. म्हणजे आदल्या रात्री मुक्काम बोलोन्याला. तिथून रीजनल गाडी पाऊण तास. त्याच्या आदल्या दिवशी बोल्झानो ते वेरोना आणि वेरोना ते बोलोन्या, दोनच गाड्या, मध्ये दोन तास मोकळे. त्याच्या आधी इन्सब्रुक ते ब्रेनर ते बोल्झानो. त्याच्या आधी म्युनिक ते इन्सब्रुक, नऊनंतर, आरामात. एका दिवसाचे चार दिवस झाले. एका दिवसात दोनपेक्षा जास्त गाड्या नाहीत. प्रत्येक बदलाच्या पुढे मी आता एक वेगळा रकाना ठेवला आहे, 'ही चुकली तर', आणि त्यात पुढची गाडी लिहिली आहे. परतताना मात्र बोलोन्याहून म्युनिकला थेट युरोसिटी. आजोबाच म्हणाले, "येताना काय, दमलेला माणूस झोपून यावा."

दुसऱ्या योजनेवर लाल शाई कमी होती. ब्रेनरपाशी एक प्रश्न होता: "इथे इंजिन का बदलतात?" हे उत्तर शोधताना मला खूप मजा आली. जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या रेल्वेला १५,००० व्होल्टचा एसी पुरवठा आहे, इटलीच्या मार्गाला ३,००० व्होल्टचा डीसी. दोन्ही पुरवठे ब्रेनर स्टेशनात भेटतात. दोन्हींवर चालणारी इंजिने आता आहेत, पण ज्यांना ते जमत नाही त्यांना तिथे थांबावे लागते. बहुतेक स्थानिक गाड्याही तिथेच संपतात आणि प्रवासी उतरून पलीकडच्या देशाच्या गाडीत बसतात. मी हे फोनवर सांगितले तेव्हा आजोबा एकदम मोठ्याने हसले. "अरे, हे तर आमचं इगतपुरी!" मुंबईकडून डीसी यायचा, भुसावळकडून एसी, आणि इगतपुरीला इंजिन बदलायचे. ते आता राहिले नाही, सगळीकडे एसी झाला. पण त्यांच्या उमेदीची बरीच वर्षे त्या इंजिन बदलण्याच्या वेळात चहा पिण्यात गेली होती.

मग त्यांनी चढ विचारला. ब्रेनरचा ऑस्ट्रियाकडचा चढ हजाराला सुमारे २५, म्हणजे चाळीस मीटर चालल्यावर एक मीटर वर. आपला कसारा घाट ३७ ला १. म्हणजे कसारा जास्त चढाचा! आमचा घाटमार्ग १८६५ साली सुरू झाला, ब्रेनरचा १८६७ साली. दोन वर्षांनी आमचा मोठा. ब्रेनरचा मार्ग आखणारे अभियंते कार्ल फोन एत्सेल हे तो सुरू होण्याआधी दोन वर्षे, १८६५ मध्येच वारले. आजोबांनी हे ऐकून थोडा वेळ काही म्हटले नाही. मग म्हणाले, "आखणाऱ्याला नेहमी पोहोचता येतंच असं नाही." त्यांनी ते सहज म्हटले असेल. फोनची दहा मिनिटे संपली आणि मी त्या वाक्यापाशीच अडकून राहिलो.

रेल्वेपेक्षा कागदपत्रांनी जास्त घाम काढला. हद्द ओलांडताना खिंडीवर आता फाटक नाही. ऑस्ट्रिया आणि इटलीमधली तपासणी १९९८ मध्ये उठली. याच खिंडीत १९४० च्या मार्चमध्ये हिटलर आणि मुसोलिनी रेल्वेच्या डब्यात भेटले होते. आज तिथे माणसे कॉफी पिऊन गाडी बदलतात. पण फाटक नाही म्हणजे कागद नको असे नाही. ऑस्ट्रियाहून जर्मनीत शिरणाऱ्या गाड्यांत पोलीस चढतात, म्हणून परतीच्या प्रवासात पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवायचा नाही. व्हिसा तिन्ही देशांना मिळून एकच, शेंगेनचा. अर्ज मात्र ज्या देशात जास्त दिवस राहायचे त्या देशाकडे. आम्ही आत्याकडे जास्त राहणार, म्हणून जर्मनीकडे. प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी अर्ज करता येत नाही. बारा वर्षांवरच्या सर्वांनी बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते, आणि मला शाळेतून बाहेर पडता येते ते फक्त सुटीत. दिवाळीच्या सुटीत गेलो तर सहा महिन्यांच्या आधी, मार्चनंतर गेलो तर परीक्षा आणि पुढे वेळ कमी. हिवाळ्याची सुटी तेवढी बरोबर बसत होती. त्यात ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, आईबाबांचे संमतिपत्र, मुक्कामांचे कागद. वेळापत्रक तर दरवर्षी डिसेंबरात बदलते, म्हणून जानेवारीत मी सगळ्या वेळा पुन्हा तपासल्या. दोन गाड्या काही मिनिटांनी सरकल्या होत्या. चार मिनिटांचा बदल अजून ठेवला असता तर तो तेव्हाच मोडला असता.

बाकी छोट्या गोष्टी एका यादीत आहेत. इटलीत रीजनलचे कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या मशिनमध्ये शिक्का मारून घ्यायचे, नाहीतर दंड. इटलीत संप झाला तर कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक गाड्या सोडतातच. म्हणून फोर्लीची गाडी मी त्या सकाळच्या वेळेतली धरली आहे. रुळांचे काम असेल तर जर्मन स्टेशनांवर 'शीनेनएर्झाट्सफेअरकेअर' असे लिहिलेले असते. याचा अर्थ गाडीऐवजी बस. हा शब्द आमच्या डॉर्मिटरीत आता सगळ्यांना पाठ आहे आणि सकाळच्या पीटीला उशीर झाला की कारण म्हणून वापरला जातो.

एक गोष्ट जमली नाही. आजोबांना गावच्या शेतातली मूठभर माती फोर्लीला न्यायची होती. मी नियम पाहिले. युरोपीय संघात बाहेरून माती नेता येत नाही, मातीतून रोग जातात म्हणून. हे त्यांना कसे सांगावे याचा मी दोन रविवार विचार केला. सांगितल्यावर ते म्हणाले, "नियम म्हणजे नियम. मग ते पदक नेऊ. त्यांचंच आहे. जिथं मिळवलं तिथं एकदा दाखवून आणू."

बोलोन्याहून फोर्लीला जाताना कास्तेल बोलोन्येझे गेले की गाडी सेनिओ नावाची नदी ओलांडते. नदी लहान आहे, बांध मात्र उंच. याच नदीवर, थोडे खालच्या अंगाला, ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नामदेव जाधव यांनी दोन जखमींना पाण्यातून, बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून परत आणले, मग शत्रूच्या तीन मशिनगन चौक्या गप्प केल्या आणि बांधावर उभे राहून रणघोष करत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि ते जिवंत घरी आले. आमचे पणजोबांचे भाऊ त्याच्या चार महिने आधी पडले. त्यांनी काय केले हे कोणालाच माहीत नाही. कदाचित नुसते चालत असतील, किंवा थंडीत पहारा देत असतील. पूल लांब नाही, गाडी तो काही सेकंदांत ओलांडेल. मी आजोबांना आधी खूण करायचे ठरवले आहे. खिडकी उजवीकडची की डावीकडची हे ठरवायची गरज नाही, नदी दोन्हीकडे आहे.

व्हिसा जानेवारीच्या शेवटी आला. आजोबा रोज सकाळी घराजवळच्या स्टेशनवर जातात आणि पादचारी पूल एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरतात. हातात बॅग, बॅगेत चार किलो तांदूळ. प्रत्येक पत्राच्या शेवटी वेळ लिहितात. डिसेंबरात सहा मिनिटे वीस सेकंद होती. गेल्या पत्रात पाच मिनिटे चाळीस. खाली लिहिले होते, "घाई केलेली नाही." माझ्या योजनेत सर्वांत लहान बदल आता पंचवीस मिनिटांचा आहे. त्यांना तेवढे लागणार नाहीत, पण त्यांच्याकडे ते असतील.

शेवटची योजना मी मागच्या रविवारी स्वच्छ अक्षरात लिहून पाठवली. दोन पाने झाली. प्रत्येक स्टेशनापुढे आगमन आहे, प्रस्थान आहे, 'ही चुकली तर' आहे. फोर्लीपुढे आगमन लिहिले आहे. रीजनल गाड्या बोलोन्याकडे दिवसभर जातात, आरक्षण नाही, कोणतीही धरता येते. म्हणून फोर्लीच्या प्रस्थानाचा रकाना मी रिकामा सोडला आहे.

यावर लाल शाई आली नाही.